मंगळवारी ताप नसतो

डोहाळजेवणाचा मुहूर्त नीलम्मानं तापाला विचारून काढला.

लेक धनश्री पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा महिना सरत आला होता. भोगीच्या दिवशी दुपारी दोन वाजता, घरोघर पंखे फिरत असताना, तिला हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या, तिसरी घातली, तरी बाज हालत होती. तासाभरानं अंग तव्यासारखं तापलं, आणि दिवेलागणीला घामानं न्हाऊन पोरगी उठून बसली नि तिळाची भाकरी मागितली. संक्रांतीला ताप नाही. किंक्रांतीला दोन वाजता पुन्हा हजर. शुक्रवारी रजा, शनिवारी हजर. एवढा वक्तशीरपणा नीलम्मानं गावात कुणाचा पाहिला नव्हता. तिनं बोटं मोजली. सोमवारी येणार, मंगळवार रिकामा. झरीच्या व्याह्यांना निरोप गेला, मंगळवारी ओटी भरायला या. सोमवारी ताप ठरल्याप्रमाणे येऊन गेला, तेव्हा नीलम्माला जरा समाधानच वाटलं.

"माय, ह्याला मलेरिया म्हणतेत," धनश्री म्हणाली होती. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकली होती आणि घरात अजून कुणी तिला त्याबद्दल माफ केलं नव्हतं.

"मलेरिया भादव्यात असतो," नीलम्मा म्हणाली. "पौषात डासाला काय काम हाय?"

"मंग रात्री चावायलंय ते काय हाय?"

"ते नुसतंच चावायलंय."

"मलेरियावाल्या सिद्धोधनभाऊला बोलव. एक थेंब रक्ताचं काम हाय, माय."

"थेंब दिला की वहीत नाव चढतं. नाव चढलं की पाच माणसं फवारा घेऊन घरात घुसतेत. फवारलेल्या घरात विहीणबाईला पाट मांडू का?"

शिवलिंगअप्पांचं किराणा दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. त्यांनी लेकीची बाजू घ्यायला तोंड उघडलं आणि मग दुकानातून तापाच्या गोळ्यांचं एक पाकीट काढून दिलं. बायकोशी वाद घालणं त्यांनी बत्तीस वर्षांपूर्वी सोडलं होतं. लग्नाला तेहतीस झाली होती.

ताप लपवायला नीलम्माजवळ कारण होतं. विहीण चांगुणाबाईंचं म्हणणं पहिल्यापासून असं, की बाळंतपण झरीलाच व्हावं. झरीहून परभणी अर्ध्या तासावर. आमचं गाव चारठाण्याच्या पुढं आडबाजूला, परभणी इथून दोन तास, तेही जीप चांगली असली तर. शिवाय झरीच्या घरी फिल्टर होता आणि चांगुणाबाई तो बोलण्यात वरचेवर चालू करत. पण पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही तर लोक विचारतात, पोरीची आई जिवंत हाय ना? नीलम्मानं सात महिने हुज्जत घालून लेक आणली होती. आता ताप सांगायचा म्हणजे लेकीला जीपमध्ये बसवून द्यायचं, नि वर चार वर्षं ऐकून घ्यायचं.

आता पौषातल्या डासाबद्दल नीलम्माचं काही चुकत नव्हतं. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत ती म्हणते तेच खरं होतं. दिवाळी झाली की थंडी पडायची आणि डास आपोआप मरायचे. आरोग्य खात्याचा कागदही त्याच हिशेबानं यायचा, की हंगाम संपला, फवारणी बंद. कागद अजून वेळेवर येतो. थंडी येत नाही. यंदा दिवाळीनंतर दोनदा धो धो पाऊस झाला, तुरीला पुन्हा फुलं लागली, आणि पौषात लोक उघड्या अंगानं ओट्यावर झोपले.

गावचा आरोग्यसेवक सिद्धोधन ह्यानं हे ग्रामसभेत समजावून सांगितलं होतं. पोलिओचे डोस तोच पाजतो, खोकल्याचे बेडके तोच गोळा करतो, तरी गावात त्याचं नाव 'मलेरियावाला'. तो म्हणाला, "मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात तयार व्हावा लागतो. थंडी असली की त्याला महिना लागतो, आणि तवर डासच मरतो. आता उकाडा हटायला तयार न्हाई. जंतू दहा-बारा दिवसांत तयार व्हायलाय."

ह्यावर एक सदस्य म्हणाले, मंग थंडी पडावी म्हणून ठराव घ्यायचा का? तो ठराव काही झाला नाही, कारण गणसंख्या पुरी नव्हती.

झाला तो कोरड्या दिवसाचा ठराव. आठवड्यातून एक दिवस प्रत्येकानं घरातलं साठवणीचं सगळं पाणी ओतून द्यायचं, बॅरल, रांजण घासून उलटे घालायचे, म्हणजे डासांच्या अळ्या मरतील. सिद्धोधन एकटा आणि गाव मोठं, म्हणून त्यानं वरल्या गल्लीला मंगळवार दिला, खालच्या गल्लीला शुक्रवार.

ज्या गावाला नळ नवव्या दिवशी येतो, त्याला पाणी ओतून दे म्हणणं म्हणजे सोनाराला सोनं उकिरड्यावर टाक म्हणण्यासारखं आहे. लोकांनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त नीट विचार केला. नीलम्माचं घर वरल्या गल्लीत, आणि तिचं मागचं दार उघडायचं ते खालच्या गल्लीतल्या कमलबाईच्या अंगणात. मंगळवारी सकाळी नीलम्मा आपल्या तिन्ही बॅरलचं पाणी नळी लावून कमलबाईच्या बॅरलात सोडायची. शुक्रवारी कमलबाई ते सव्याज परत करायची. दोन्ही दिवशी सिद्धोधनला बॅरल उलटे दिसायचे. अशी जोडपी गावात तीस-पस्तीस तरी होती. पाण्याबरोबर अळ्याही जायच्या आणि यायच्या. त्यांना नव्या घरी करमेना असं कधी झालं नाही. दिवाळीपासून गावातलं एक घागर पाणीसुद्धा वाया गेलं नव्हतं, आणि तहसीलला गेलेल्या अहवालात आमचं गाव कोरड्या दिवसात तालुक्यात दुसरं होतं.

राहता राहिला जंतू. तो कमलबाईच्या मुलानं, बन्सीधरनं, आणला. तो बोअरच्या गाडीवर कामाला गडचिरोलीकडं होता. दिवाळीला आला तो तापानं फणफणत. तिथल्या डॉक्टरनं तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, ह्यानं एक दिवस घेतल्या. बरं वाटलं. उरलेल्या गोळ्या आईनं डब्यात ठेवल्या, पुन्हा कुणाला लागल्या तर असाव्यात म्हणून.

मंगळवार उजाडला.

सकाळी नीलम्मानं लेकीला तापाच्या दोन गोळ्या दिल्या. "आज तर सुट्टी हाय ना त्याची?" धनश्री म्हणाली. "हाय. तरी घे." चेहऱ्याला पावडर लावली, जरा जास्तच लावली. हिरवं लुगडं, शेवंतीचे दागिने, कपाळाला विभूती. पोरगी पाटावर बसली तेव्हा चित्रासारखी दिसत होती, आणि चित्रासारखीच हालत नव्हती.

अकराला जीप आली. जावई श्रीशैल गाडी चालवत होता, शेजारी चांगुणाबाई, मागं दोन चुलतसासवा नि फळांच्या परड्या. चांगुणाबाईंनी उंबऱ्यातूनच सुनेला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पोरगी उतरलीया, विहीणबाई."

"सातव्यात उतरतेच," नीलम्मा म्हणाली.

"आमची थोरली सातव्यात दारातनं मावत नव्हती."

"तुमचं दार लहान असंल."

दोघी हसल्या. बायकांनी पाट मांडले, कमलबाई मागच्या अंगणात भाताला आधण ठेवत होती. श्रीशैल दुकानात सासऱ्यापाशी बसला. आतून बायको एकदाही बघून हसली नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण माणसांत विचारणार कसं?

साडेअकराला दारात सिद्धोधन उभा राहिला, हातात बॅटरी, खांद्याला पिशवी. मंगळवार. वरली गल्ली.

"आज कार्य हाय, भाऊ," नीलम्मा लगबगीनं पुढं आली. "बॅरल बगा नि जा. उलटेच हायेत."

सिद्धोधननं बॅरल पाहिले. कोरडे ठणठणीत. रांजण उलटा. त्यानं वहीत खूण केली आणि तिथंच थांबला.

"काकू, चाळीस पानं बसणार, आणि घरात पाण्याचा थेंब न्हाई?"

"कमलबाईकडनं आणायलोत."

त्यानं मागच्या दारातून अंगणात पाहिलं. कमलबाईचे चार बॅरल काठोकाठ भरले होते. "नळ येऊन आठ दिवस झाले, कमलबाई. तुमच्याकडं एवढं कुटनं आलं?"

"देवानं दिलं," कमलबाई म्हणाली आणि आधणात तांदूळ वैरले.

सिद्धोधन बॅरलकडं जाणार, एवढ्यात त्याची नजर मधल्या खोलीतल्या पाटाकडं गेली. बाहेरून पावडर दिसत होती. त्यानं ओठ पाहिले. मग देवळीत पाहिलं. तिथं तापाच्या गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं होती आणि तिसरं अर्धं.

"कुणाला ताप हाय?" त्यानं हळू विचारलं.

"माझं गुडघं दुखायलेत," नीलम्मा तितक्याच हळू म्हणाली.

"काकू, म्या गेल्या पंधरवड्यात ह्या दोन गल्ल्यांत तीन मलेरिया धरलेत. त्यातले दोन डोक्यात जाणाऱ्या जातीचे. पोटुशीला तो लय वाईट. तिचं रक्त घेऊ द्या. बोटाला टोचतो, पंधरा मिनिटांत कळतंय."

"पावणे गेल्यावर या."

"कवा जायचेत?"

"चारला."

"काकू…"

"चारला या म्हणलं ना. भरल्या पाटावरनं उठवून रक्त काढू का? विहीण काय म्हणंल?"

सिद्धोधनजवळ बॅटरी होती, पिशवी होती, हुकूम नव्हता. कुणाला धरून बोट टोचायचा अधिकार सरकारनं त्याला दिलेला नाही. तो दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. शिवलिंगअप्पांनी त्याला सुपारी दिली आणि त्याच्याकडं न बघता म्हणाले, "जाऊ नगा." बत्तीस वर्षांत त्यांनी घेतलेला हा पहिला निर्णय असावा.

आत ओटी भरून झाली. मग वाट्या आल्या. दोन वाट्या झाकलेल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. जी उघडेल त्यावरून मुलगा की मुलगी. बायका दाटीनं पुढं सरकल्या. धनश्रीनं हात पुढं केला आणि डावीकडच्या वाटीवर ठेवला.

झाकण वाजायला लागलं.

"बाळाला लय घाई हाय," एक चुलतसासू म्हणाली. बायका हसल्या. झाकण वाजत राहिलं. बारीक, सारखं, शेवयाच्या यंत्रासारखं. हसणं एकेकीच्या तोंडावरून उतरलं. धनश्रीनं दुसऱ्या हातानं पहिला हात धरला, तर तोही हालत होता. शेवंतीच्या पाकळ्या मांडीवर गळायला लागल्या.

नीलम्मानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं. वार मंगळवार. हा दिवसच नव्हता, ही वेळही नव्हती. तिला पहिल्यांदा भीती वाटली ती तिथं. रोज ठरल्या वेळी येणारा माणूस अवेळी दारात दिसावा, तशी.

"हिला थंडी वाजायलीया," चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेच्या गळ्याला हात लावला आणि झटकन काढला. "विहीणबाई, हे काय हाय?"

"पहाटं चारला उठलीया," नीलम्मा म्हणाली. "झोप झाली न्हाई. दमली."

धनश्री आडवी झाली ती कुणी झोपवायच्या आत. श्रीशैल चपला न काढता आत आला. त्याच्या मागून सिद्धोधन. आता कुणी त्याला अडवलं नाही. त्यानं बोट पुसलं, टोचलं, थेंब पट्टीवर घेतला, वर दोन थेंब औषध टाकलं आणि पट्टी खिडकीत सपाट ठेवली.

"पंधरा मिनिटं," तो म्हणाला.

पंधरा मिनिटं मोठी असतात. बायका तोंडाला पदर लावून भिंतीशी बसल्या. मागं भात लागल्याचा वास आला, कुणी उठलं नाही. चांगुणाबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. श्रीशैल पट्टीकडं बघत होता. पहिली रेघ उमटली, तसा तो दचकला.

"ती नुसती पट्टी चांगली असल्याची," सिद्धोधन म्हणाला. "दुसरी येऊ नये म्हणा."

नवव्या मिनिटाला दुसरी आली. आधी पेन्सिलीनं ओढल्यासारखी, मग लाल.

सिद्धोधननं पट्टी हातात घेऊन उजेडाला धरली. तो सरळ नीलम्मासमोर जाऊन बसला.

"काकू, डोक्यात जाणारा हाय. आता नीट ऐका. ताप आजच आला असंल, आणि ही झोपंनंच गळाली असंल, तर म्या इथंच गोळ्या सुरू करतो नि उद्या सकाळी दवाखान्यात नेऊ. आदीपासनं येत असंल, तर ही झोप न्हाई. मंग गोळी द्यायची न्हाई, येळ घालवायचा न्हाई, आता गाडीत घालून सुई लावायची. मला बाकी काय कळायचं साधन न्हाई. तुमीच सांगायचं. कवापासनं हाय?"

खोलीतल्या सगळ्या बायका नीलम्माकडं बघत होत्या. चांगुणाबाई सर्वांत जास्त.

"आजच," नीलम्मा म्हणाली. "आजच आलाय."

"नक्की?"

"मंग काय खोटं बोलू का?"

सिद्धोधननं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. त्याला ते पटलं नव्हतं. पण आईच्या शब्दावर आरोग्यसेवकाचा शब्द चढत नाही. "पाणी आणा," तो म्हणाला.

कमलबाई मागच्या दारातून तांब्या घेऊन आली. धनश्रीला बसतं केलं. तिनं डोळे उघडले, समोर नवरा होता, तिनं त्याला "अप्पा" म्हटलं. मग आईला शोधलं.

"माय," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "हे सकाळपासनं हाललं न्हाई."

"काय?"

"हे." तिनं पोटावर हात ठेवला. "रोज न्याहरीच्या वक्ताला लाथ मारतंय. आज न्हाई मारली. म्या तुला सांगणार होते, पण तू पावडर लावायलीस…"

तांब्या नीलम्माच्या हातात होता. तो तिनं खाली ठेवला. पुढचं ती एका दमात, खाली बघत, लहान पोरीनं पाढे म्हणावे तसं बोलली.

"भोगीला पयला आला. मंग किंक्रांतीला. शनिवारी, सोमवारी. दोन वाजता यायचा. चार पाळ्या झाल्या, आजची पाचवी. आठ दिवस झाले. म्या लपविलं. गोळी न्हाई द्यायची हिला, गाडी काढा."

श्रीशैल तोवर बाहेर पळाला होता.

चांगुणाबाई पदर खोचून उठल्या. त्यांनी सुनेच्या खाकेत हात घातला. नीलम्मानं पाय धरले. दोघी विहिणींनी मिळून शेवंतीच्या फुलांसकट पोरीला उचलून जीपमध्ये घातलं. सिद्धोधननं चिठ्ठीवर वार, वेळा, पाळ्या लिहून श्रीशैलच्या खिशात घातल्या. "आदी जिंतूर. म्या फोन करतो, सुई काढून ठेवतील. साखर तपासा म्हणावं, लगेच. मदी कुटंच थांबू नका."

जीप गेली. बायका दारात उभ्या राहिल्या, चाळीस पानांचा स्वयंपाक मागं.

सिद्धोधन कमलबाईच्या अंगणात गेला आणि पहिल्या बॅरलात बॅटरी मारली. उजेडाच्या गोलात पाणी जिवंत होतं.

"कमलबाई, हे कुणाचं पाणी हाय?"

कमलबाईनं ओल्या हातानं कपाळ पुसलं. "मंगळवारी आमचं असतंय," ती म्हणाली. "शुक्रवारी नीलम्माचं."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा तो बॅरलच्या काठाला धरून उभा राहिला. दिवाळीपासून त्यानं ह्याच दोन गल्ल्यांचा अहवाल दर आठवड्याला आपल्या हातानं लिहिला होता, खाली सही करून.

"आणिक कोण कोण करतंय हे?"

"कोण करत न्हाई ते विचारा. त्यांना शेजार चांगला मिळाला न्हाई, म्हणून."

"आणि बन्सीधरच्या गोळ्या?"

"डब्यात हायेत. एकच दिस खाल्ल्या त्यानं. आणू?" आणि मग, दारातून गेलेल्या जीपच्या धुरळ्याकडं बघत, तिला स्वतःलाच काहीतरी कळलं असावं. तिनं चौथ्या बॅरलला खांदा लावला. तो हालेना. सिद्धोधननं दुसरीकडून लावला. पाणी अंगणभर झालं, चुलीखाली गेलं, बायकांनी लुगडी वर धरली. आमच्याकडं एवढं पाणी एका वेळी जमिनीवर सांडलेलं पाहताना लोक गप्पच होतात.

जिंतूरला पोचायला पाऊण तास लागला. सुई तयार होती. साखर इतकी खाली गेली होती की तिथल्या डॉक्टरनं आधी ग्लुकोज लावलं, मग नाव विचारलं. नर्सनं पोटावर यंत्र ठेवलं, सरकवलं, पुन्हा ठेवलं. खरखर ऐकू आली. मग, खूप खोलवर कुठंतरी, मोटार लांब रस्त्यानं जावी तसा एक आवाज.

"हाय," नर्स म्हणाली. "पण दमलंय. परभणीला न्या, इथं ठेवता यायचं नाही."

ग्लुकोजची बाटली सरकारी गाडीच्या छताला अडकवली. आत दोघी विहिणी, एक डोक्याशी, एक पायाशी. श्रीशैल मागून जीप घेऊन. चांगुणाबाईंनी सुनेच्या पोटावर तळहात ठेवला होता. नीलम्मा त्या हाताकडं बघत होती.

बोरी आली.

"हाललं?" नीलम्मानं विचारलं.

"न्हाई."

बोरी गेली. चांगुणाबाईंनी मग तोंड उघडलं. "आठ दिवस, विहीणबाई. आमच्याकडं म्हशीनं एक येळ कडबा सोडला तर आमी डॉक्टरला फोन करतोत."

"व्हय."

"तापाचा वार बगून तुमी आमाला जेवायला बोलीवलं."

"व्हय."

"व्हय काय? भांडा तरी."

"काय भांडू?" नीलम्मा म्हणाली. "तुमी बोला. ऐकायलेय मी."

ऐकणाऱ्या माणसाशी भांडण पुढं जात नाही. चांगुणाबाईंनी दोन-तीन वाक्यं आणखी बोलून पाहिली, ती रस्त्याच्या खड्ड्यांत पडली. झरी आली. त्यांचं स्वतःचं घर डाव्या हाताला गेलं, ओट्यावर फिल्टरचे निळे जार ओळीनं ठेवलेले. त्यांनी तिकडं मान वळवली नाही.

"हाललं?"

"न्हाई. आता इचारू नका. हाललं की सांगते."

नीलम्मानं विचारलं नाही. परभणीपर्यंतचा अर्धा तास तिनं लेकीचे तळपाय चोळण्यात घालवला. ते गार होते.

परभणीच्या डॉक्टर बाईंनी चिठ्ठी वाचली. "वार आणि वेळा कुणी लिहिल्या?"

"लिहिल्या मलेरियावाल्यानं," नीलम्मा म्हणाली. "सांगितल्या म्या."

"बरं झालं सांगितल्यात. पहिलाच ताप समजून घरी ठेवलं असतं तर संध्याकाळपर्यंत…" बाई पेशंटकडं वळल्या. "चोवीस तास जाऊ द्या."

ते कसे गेले हे कुणाला नीट सांगता येत नाही. दर थोड्या वेळानं सुई, साखर, रक्तदाब. श्रीशैलनं एक बाटली रक्त दिलं. शिवलिंगअप्पा एसटीनं आले आणि कुणी न सांगता कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून राहिले. बुधवारी सकाळी सिद्धोधनचा फोन आला. दोन्ही गल्ल्यांत मिळून अकरा निघाले होते, त्यात बन्सीधर. सगळ्यांना समोर उभं करून गोळ्या गिळायला लावल्या. पेशंट कशी हाय, त्यानं विचारलं. अप्पा म्हणाले, झोपलीया. झोप हाय का ती दुसरी, सिद्धोधननं विचारलं. अप्पा फोन हातात धरूनच नर्सला विचारायला गेले.

बुधवारी दुपारी धनश्रीनं डोळे उघडले. समोर दोघी बसल्या होत्या. तिनं बराच वेळ पाहिलं.

"आत्या," ती सासूला म्हणाली. मग आईकडं बघून, "माय." दोन्ही बरोबर होती. मग तिचा चेहरा जरा आंबला, आणि ती म्हणाली, "हात काढा की पोटावरनं. किती दाबायलाव. ह्याला लाथ मारायला जागा न्हाई."

हात चांगुणाबाईंचा होता. त्यांनी काढला नाही. नीलम्मानं आपला त्यावर ठेवला. आतून काही तरी दुबळं, उशिरा आल्यासारखं, एकदा टेकलं आणि गेलं.

संध्याकाळी डॉक्टर बाईंनी सांगितलं, जीव वाचलेत, पण बाळ वजनाला कमी राहणार, रक्त भरावं लागेल, आणि बाळंतपण होईपर्यंत दर आठवड्याला तपासणी. दोन तासांवर राहून चालायचं नाही.

कॉरिडॉरमध्ये दोघी चहा घेत उभ्या होत्या. नीलम्मा कपातल्या चहाकडं बघून म्हणाली, "झरीला न्या तिला. बाळंतपण तिथंच करा."

चांगुणाबाईंनी कप खाली ठेवला. सात महिने ज्यासाठी भांडल्या ते हातात पडलं होतं, आणि ते घेताना त्यांना बरं वाटत नव्हतं.

"झरीला तरी कुटं थंडी पडलीया," त्या म्हणाल्या. "गेल्या पंधरवड्यापासनं आमच्या आळीत चौघं तापानं आजारी हायेत. म्या तुमाला सांगितलं नव्हतं."

"कामून?"

"तुमी म्हणला असता, मंग पोरगी इकडंच बरी हाय."

नीलम्मानं मान वर केली.

"तुमी पण या," चांगुणाबाई म्हणाल्या. "दोन महिने ऱ्हावा. माझ्या एकटीच्यानं लक्ष व्हायचं न्हाई, पोरगी दुखणं अंगावर काढती."

"लेकीच्या सासरी दोन महिने? लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. पण बाई, ताप आला की तवाच सांगायचं. माजा असो, तुमचा असो, तिचा असो. आळीतल्या कुणाचा असो. वार बगायचा न्हाई."

"न्हाई बगणार," नीलम्मा म्हणाली. तिनं चहा तसाच खिडकीत ठेवला आणि लेकीची साखर तपासायची वेळ झाली का, हे विचारायला आत गेली.